हूड बदललं, गाडी तीच?

घाटाखालच्या वऱ्हाडातलं ऊन कापडाला सुट्टी देत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात एखाद्या वाड्यापुढे किंवा कडुनिंबाखाली जुनी जीप उभी दिसली, तर तिचा पत्रा बहुधा शाबूत असतो, चेसिस दणकट असते, इंजिनाचीही आशा असते. हूड मात्र गेलेलं असतं. उन्हाने कापड कडक होतं, घडीच्या रेषेवर फाटतं, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. मग मालक गाडी तालुक्याच्या गावी कुशनवाल्याकडे नेतो. तो जुनं हूड उतरवतो, नवं चढवतो. गाडी गावात परत येते तेव्हा ‘ही दुसरीच गाडी आली’ असं कोणी म्हणत नाही.

का म्हणत नाही, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. हूड बदललं तरी गाडी तीच, हे सगळ्यांना मान्य आहे. चाकं बदलली तर? गिअरबॉक्स? इंजिन? एकेक करत सगळंच बदललं, आणि काढलेले सगळे भाग जोडून शेजारी दुसरी गाडी उभी केली, तर आजोबांची जीप कोणती? ग्रीक लेखक प्लुटार्कने असाच प्रश्न अथेन्सकरांनी जपलेल्या थीसियसच्या जहाजाबद्दल नोंदवून ठेवला आहे. आपल्याकडे तो त्याआधीपासून विचारला गेला, आणि भारतीय वादातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही एका वाहनाचंच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहावं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांची नोंदणी वेगळी केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षांची. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. महिंद्रांनी मुंबईच्या माझगावात १९४९ मध्ये पहिली विलीज जीप जोडली. तिच्या नंतरच्या पिढ्यांतली, सत्तरच्या दशकाच्या आरंभी नोंदलेली जीपसुद्धा वयाने आज या व्याख्येत बसते. म्हणजे व्हिंटेज गाडी पाहायला कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात मिरवणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकपर्यंत जायची गरज उरलेली नाही. ती वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या अंगणातही असू शकते.

पण या नियमात एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. मोठा फेरफार कशाला म्हणायचं? चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत केलेला बदल, असं नियम सांगतो. हूडचं नाव तिथे नाही. कारकुनी भाषेत लिहिलेल्या या एका ओळीने एक तत्त्वज्ञानाचा निर्णय देऊन टाकला आहे: गाडीचं गाडीपण सांगाड्यात, अंगात आणि हृदयात आहे, छत हे वरून पांघरलेलं वस्त्र आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली जुन्या वस्त्रांची उपमा मराठी माणसाच्या अंगात इतकी मुरलेली आहे की हा निर्णय त्याला लगेच पटतो. देह टाकून आत्मा नवा देह घेतो, तसं गाडी जुनं हूड टाकून नवं घेते.

हूड उतरवणाऱ्या माणसाला मात्र हे इतकं सोपं वाटत नाही.

जुन्या टूरर गाडीचं हूड म्हणजे नुसतं कापड नसतं. खाली लाकडाच्या किंवा लोखंडी कमानी असतात, त्या घडीवर मिटतात. कमानींना एकमेकींपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणारे जाड विणीचे पट्टे असतात. वर कॅनव्हास, डक किंवा मोहेर. मागे खिडकीपुरता सेल्युलॉइडचा तुकडा, जो काळाने पिवळा पडतो आणि तडकतो. पुढची कड काचेच्या चौकटीला चापांनी धरलेली, मागची कड गाडीच्या पाठीवरच्या लाकडी पट्टीत बारीक चुकांनी ठोकलेली. जीपमध्ये काम साधं आहे, लोखंडी पाइपांच्या कमानी आणि पट्ट्यांनी बांधलेली ताडपत्री. पण तर्क तोच. ताण हे या सगळ्याचं मर्म आहे. कापड सैल राहिलं तर पाणी साचतं आणि वाऱ्यात फडफडून फाटतं. फार ओढलं तर शिवण उसवते आणि पुढचे चाप लागत नाहीत.

म्हणून जाणता कारागीर कात्री हातात घेण्याआधी बराच वेळ नुसता पाहतो. हूड चढवलेलं असतानाच कमानींमधली अंतरं मोजतो, पट्ट्यांची लांबी टिपून ठेवतो, कापडाच्या मध्यावर खडूची रेघ ओढतो. मग पुढचे चाप सोडतो, ताण उतरवतो, आणि शेवटी मागच्या चुका एकेक करून उपसतो. घाईने कापड खेचलं तर लाकूड चिरतं. उतरवलेलं हूड फेकायचं नसतं, कारण नव्याच्या बेतणीचा आधार तेच असतं. पण आंधळेपणाने त्यावरून कापायचंही नसतं. इतक्या वर्षांत ते कुठे ताणलेलं असतं, कुठे आक्रसलेलं. जुन्या कापडावरून फक्त शिवणींच्या जागा आणि बेत घ्यायचा, मापं कमानींवरून घ्यायची. नवं कापड आधी मागे तात्पुरतं अडकवायचं, मध्यरेषा जुळवायची, मग मधून दोन्ही बाजूंना सरकत पुढे ओढत न्यायचं, आणि सगळीकडे ताण सारखा आला याची खात्री झाल्यावरच कायमच्या चुका मारायच्या.

या कामात एक क्षण असा येतो की तिथे तत्त्वज्ञ थबकला पाहिजे. मागच्या लाकडी पट्टीवरून कापड निघालं की खाली भोकं दिसतात. काही आत्ताच्या चुकांची, काही त्याआधीच्या हूडची, काही त्याच्याही आधीची. जुन्या भोकात नवी चूक धरत नाही, म्हणून कारागीर भोकात लाकडाची काडी सरस लावून बसवतो आणि शेजारी नवी चूक मारतो. ज्या हूडला मालक ‘ओरिजिनल’ समजत होता ते दुसरं किंवा तिसरं होतं, हे त्या पट्टीवर उघड लिहिलेलं असतं. गाडीची स्मृती कापडात नव्हती. कापड ज्या लाकडाला जोडलं होतं त्यावर पडलेल्या खुणांत होती.

आता वाहनाचं ते प्रसिद्ध उदाहरण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येला राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर म्हणजे पाली परंपरेतला मिलिंद. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन सांगतो की आपल्याला लोक नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं नाव आहे. त्यामागे कायमची अशी कोणी व्यक्ती नाही. राजा गोंधळतो. तेव्हा नागसेन त्याच्याच रथाकडे वळतो. राजा रथात बसून आला होता. मग रथ म्हणजे आस का? चाकं का? सांगाडा का? जू का? लगाम का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग या सगळ्यांचा नुसता ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. या सगळ्यांव्यतिरिक्त काही वेगळं आहे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे भाग अमुक रीतीने जुळले की त्याला ‘रथ’ म्हणायचं, असा लोकव्यवहार आहे.

मराठी मुलखात ही गोष्ट केवळ पोथीत राहिलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि भोवतालच्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू या दोघांचीही नावं एका शिक्षणसंस्थेला देण्यात फार मोठा विचार आहे. विद्यार्थ्याने मिलिंदासारखं न पटलेलं न मानता विचारत राहावं, ही अपेक्षा त्यात दिसते. मराठवाड्यातली आणि बुलढाण्यासारख्या शेजारच्या जिल्ह्यांतली कितीतरी मुलं या आवारात शिकली. रथाचा तो दृष्टान्त त्यांच्यातल्या अनेकांना घरचा आहे.

नागसेनाच्या यादीत हूड नाही. पण त्याचं उत्तर हूडला सहज लागू पडतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिनालाही लागू पडतं. नियमाने केलेला सांगाडा, अंग आणि वस्त्र हा भेद नागसेन मान्य करणार नाही. त्याच्या लेखी चेसिसमध्येही गाडीपण दडलेलं नाही. तीही एक आस, एक जू. सगळंच व्यवहाराने ठरतं. या उत्तरात फार मोठी मुक्ती आहे. आजोबांची जीप म्हणून जो अभिमान आणि जी भांडणं वाड्यात चालतात, त्यांचा पाया ज्या ‘तीच’वर आहे ते ‘तीच’ नागसेन हळूच काढून घेतो.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, मात्र हे पटलं नाही, आणि त्यांचा प्रतिवाद कारागिराच्या मनाला जास्त जवळचा आहे.

न्यायसूत्रांत अवयवी म्हणजे अखंड वस्तू खरीच असते, भागांच्या ढिगाहून वेगळी असते, हे सिद्ध करायला दिलेला एक युक्तिवाद धरण्या-ओढण्याचा आहे. वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू हलते. वाळूच्या ढिगाचे चार कण उचलले तर ढीग उचलला जात नाही. घड्याचा काठ धरला तर घडा उचलला जातो. म्हणून घडा ही एक वस्तू आहे. ही कसोटी गॅरेजमध्ये लावून पाहावी. बंद पडलेली जीप चेसिसला दोर बांधून ओढली तर सगळी गाडी येते, हूडही तिच्याबरोबर येतं. हूड धरून ओढलं तर हातात फक्त हूड येतं. न्यायसूत्रकार गौतमाची ही जुनी कसोटी २०२१ च्या नियमाला पाठिंबा देते असं वाटतं: छत हा गाडीचा अवयव नाही, गाडीला लागलेली दुसरी वस्तू आहे. न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत दोन वस्तूंचा संयोग होता, तो संपला; तंतू आणि कापड यांच्यात असतो तसा समवाय, म्हणजे न तुटणारा संबंध, नव्हता.

पण याच परंपरेने पुढे एक असा सिद्धान्त मांडला की तो वाचताना अंगावर काटा येतो. कापडातून एक धागा काढला तर काय होतं? सामान्य माणूस म्हणेल, कापड तेच, फक्त एक धागा कमी. नैयायिक म्हणतात, नाही. अवयवांच्या संयोगावर ते कापड उभं होतं, तो संयोग मोडला की जुनं कापड नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं एक नवं कापड जन्मलं. त्याला ते खंडपट म्हणतात. तेच कापड दिसतं ते सारखेपणामुळे. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, ज्याची सुधारलेली आवृत्ती पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी १९२८ मध्ये काढली, असल्या संज्ञांनी गच्च भरलेला आहे. त्या चाळताना लक्षात येतं की आपल्या शास्त्र्यांनी तडजोड टाळण्यासाठी किती मोठी किंमत मोजली. अखंड वस्तू खरी मानायची, तर तिचा एकेक धागा गेल्यावर ती मरते हेही मानावं लागतं. हूडची मागची शिवण उसवली की नैयायिकाच्या हिशेबात जुनं हूड गेलेलंच असतं. कुशनवाला ते उतरवायला येतो तेव्हा त्याच्या हाताखाली आधीच अनेक हूडांची एक रांग होऊन गेलेली असते.

दोन्ही टोकं अशी आहेत. एकीकडे काहीच ‘तेच’ नाही, म्हणून सगळं चालतं. दुसरीकडे ‘तेच’ खरं आहे, म्हणून ते क्षणोक्षणी मरतं. गाडी मात्र रस्त्यावर चालत असते, आणि तिच्यावरून खटलेही होतात.

असा एक खटला १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात चालला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली होती. पुढे तिचं इंजिन बदललं, सांगाडा बदलला, अंग बदललं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीवरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर तिला पुन्हा नवं रूप मिळालं. तिच्या विक्रीचा एक कोटी पौंडांचा करार झाला तेव्हा खरेदीदाराने हरकत घेतली की ही ती गाडीच नाही. १९२९ च्या गाडीतलं फार थोडं उरलं होतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की हीच खरी ओल्ड नंबर वन. कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नव्हता. ती कधी मोडीत काढून नंतर कोणी नव्याने बनवलेली नव्हती. प्रत्येक बदल जिवंत गाडीवर झाला होता, आणि तो झाला हे माहीत होतं.

या निकालातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि त्याची खोली कळायला बुलढाणा जिल्ह्याकडेच परत यावं लागतं.

महानुभाव पंथाची भूमी वऱ्हाड आणि मराठवाडा. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातली गावं येतात. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त तिथल्या लीळा आहेत. स्वामींच्या जन्माविषयीची पंथाची श्रद्धा हाच प्रश्न उलटा करून विचारते: गुजरातेतला प्रधानपुत्र हरिपाळदेव मरण पावला, आणि द्वारावतीकार चांगदेव राऊळांनी आपला देह टाकून त्या देहात प्रवेश केला. देह तोच, देही दुसरा. घरच्यांनी ज्याला ओळखलं तो त्यांचाच मुलगा होता. पंथासाठी तो परमेश्वराचा अवतार आहे. सगळे भाग तेच राहूनही ती व्यक्ती वेगळी असू शकते, ही कल्पना मराठीत साडेसातशे वर्षांपासून नांदते आहे.

पण महानुभावांनी भागांकडे दुर्लक्ष केलं नाही, उलट जगात क्वचितच कोणी इतकी काळजी घेतली असेल. स्वामी जिथे बसले, जिथे निजले, जिथे त्यांचा चरणस्पर्श झाला, त्या जागांवर ओटे बांधले गेले. ‘स्थानपोथी’त त्या जागांच्या दिशा आणि खुणा नोंदल्या गेल्या. स्पर्श झालेल्या पाषाणाला मान आहे तो त्याच्या आकारामुळे नाही, संबंधामुळे आहे. व्हिंटेज गाड्यांचे संग्राहक ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात, म्हणजे इंजिन आणि चेसिस कारखान्यातून ज्या जोडीने निघाले तीच जोडी आजही गाडीत असणं. त्यांचीही श्रद्धा याच जातीची आहे: पदार्थाने मूळ क्षणाला स्पर्श केलेला असला पाहिजे.

आणि मग त्याच पंथावर संकट आलं. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर खिलजींच्या स्वाऱ्या होत होत्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. ग्रंथ गेला. तेव्हा ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा सांगितल्या, लिहून काढल्या. हिराइसेचा पाठ त्यातलाच एक मानला जातो. एकाहून अधिक पाठ तयार झाले, त्यांत फरक राहिले. आज जे लीळाचरित्र आपण वाचतो त्यात म्हाइंभटांच्या पोथीचा एकही कागद नाही. थीसियसच्या जहाजाची एखादी फळी तरी क्षणभर जुनी होती. इथे सगळं कापड उतरलं, कमानीही गेल्या, आणि माणसांच्या आठवणीतून छत पुन्हा उभं राहिलं.

ते खरं लीळाचरित्र आहे का? या प्रश्नाला ज्याने आयुष्य दिलं तो माणूसही घाटाखालचा. वि. भि. कोलते यांचा जन्म १९०८ सालचा, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्यांचं मुख्य काम पोथ्यांशी होतं. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. संपादकाचं काम म्हणजे वेगवेगळ्या पोथ्या शेजारी ठेवून कुठे काय वेगळं आहे ते पाहणं, एक पाठ स्वीकारणं आणि उरलेल्यांची नोंद करणं. स्वीकारलेल्या पाठाच्या खाली पाठभेद ठेवले की वाचकाला जोड कुठे आहे ते दिसतं. हूडच्या मागच्या लाकडावरची भोकं ज्याने लांबी भरून, रंग मारून लपवली नाहीत, अशा कारागिराचा हा सच्चेपणा आहे.

इथे एक मत स्पष्टपणे मांडावंसं वाटतं. ‘तीच’ वस्तू कोणती, हा प्रश्न पदार्थावर सुटत नाही आणि नुसत्या नावावरही सुटत नाही. तो सत्य सांगण्यावर सुटतो. इतिहास अखंड असावा लागतो, आणि तो अखंड राहतो तो बदल न झाल्यामुळे नव्हे, बदल न लपवल्यामुळे. बेंटलीचा निकाल तिच्या बाजूने गेला कारण प्रत्येक फेरबदलाची साखळी सांगता येत होती. ज्या गाडीला कुठूनतरी आणलेली चेसिस लावून, जुन्या क्रमांकाची पट्टी ठोकून ‘मूळ’ म्हणून विकलं जातं, तिच्यातला एखादा भाग खरोखर जुना असला तरी ती खोटी आहे. आणि ज्या जीपचं हूड पाच वेळा बदललं आणि मालक ते सरळ सांगतो, ती पूर्णपणे आजोबांची जीप आहे.

याला एक गंभीर आक्षेप आहे. सांगण्याने वस्तू कशी बदलेल? नोंद ही वस्तूबाहेरची गोष्ट आहे. नोंद हरवली तर काय गाडी दुसरी होते? नैयायिक नक्की हेच विचारेल. त्याला उत्तर असं देता येतं: माणसाने केलेली वस्तू कधीच एकटी नसते. ती कोणीतरी वापरण्यासाठी असते, आणि ‘तीच’ असण्याचा दावा नेहमी कोणीतरी कोणाकडे तरी करत असतो, मुलाकडे, खरेदीदाराकडे, भक्ताकडे, आरटीओच्या टेबलावर. दगडाला हा प्रश्न पडत नाही. जिथे दावा आहे तिथे खरंखोटं आहे. नोंद हरवली तर गाडी दुसरी होत नाही, पण ‘तीच’ म्हणण्याचा आपला हक्क कमजोर होतो. तेव्हा त्या लाकडी पट्टीवरच्या भोकांकडे वळावं लागतं, म्हाइंभटांच्या पोथीनंतर आठवणीकडे वळावं लागलं तसं.

पंढरपूरने अलीकडेच हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्रासमोर आणला. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्याचं संवर्धनाचं काम झालं. मार्चच्या मध्यापासून पदस्पर्शदर्शन बंद होतं, ते २ जूनपासून पुन्हा सुरू झालं. या कामात गाभाऱ्यातलं चांदीचं आवरण काढलं आणि खालचा दगड उघडा झाला. ज्यांनी आयुष्यभर चांदीतला गाभारा पाहिला त्यांना हे नवं होतं. संवर्धन करणाऱ्यांच्या दृष्टीने हेच मूळ रूप होतं. चांदी भाविकांच्या श्रद्धेने लागली होती, म्हणजे तीही गाभाऱ्याच्या इतिहासाचा भाग होतीच. आवरण काढणं म्हणजे मूळ परत आणणं असं सरसकट म्हणता येत नाही. आवरणही कोणाच्या तरी भक्तीचं असतं. पण हे काम उघडपणे, लोकांना सांगून झालं, आणि वाद झाले तेही उघड झाले. रांगेतल्या वारकऱ्याला ‘हा तोच विठोबा का’ असा प्रश्न पडला नाही, आणि तो न पडण्यात काही अज्ञान नव्हतं.

उरतो तो वापराचा प्रश्न, आणि इथे संग्राहकांशी भांडावं लागतं. फाटकं पण मूळ हूड तसंच ठेवावं, असं म्हणणारे जगभर आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपाचं १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भांड्याचे तुकडे सापडले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. त्या तुकड्यांचं पात्र पुन्हा जोडून त्यात भात वाढावा असं कोणाला वाटलं नाही, वाटूही नये. पात्र अवशेष झालं होतं आणि अवशेषाचं काम वेगळं आहे. पण जी गाडी अजून रस्त्यावर चालते, जिच्यात लेकरंबाळं बसतात, तिला अवशेष करणं हा तिच्यावर अन्याय आहे. हूडचा धर्म सावली देणं आणि पाऊस अडवणं हा आहे. घाटाखालच्या मे महिन्यात फाटक्या मूळ कापडाखाली माणसाला बसवणं ही श्रद्धा नव्हे. उतरवलेलं जुनं हूड कोरडं करून, घडी न मोडता गुंडाळून ठेवावं. ते अवशेष म्हणून जपावं. गाडीवर नवं चढवावं.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला वऱ्हाडात गाड्या धुऊन त्यांची पूजा होते. झेंडूची माळ बोनेटवर येते, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. त्या दिवशी गाडीत जे नट-बोल्ट असतील, जे टायर असतील, जे हूड असेल, त्या सगळ्यालाच नमस्कार पोचतो. मागच्या वर्षीचं कार्ब्युरेटर आता नाही म्हणून कोणी मंत्र थांबवत नाही. पूजा करणाऱ्याला नागसेनही ठाऊक नसतो आणि गौतमही. पण गाडी मोडीत निघेपर्यंत ती जिवंत आहे, आणि जिवंत गोष्ट बदलत राहते, हे त्याने कृतीने मानलेलं असतं.

म्हणून एक छोटी व्यवहारी सूचना, जी महाराष्ट्रातल्या गाड्यांच्या क्लबांनी आणि कुशनवाल्यांनी दोघांनीही मनावर घ्यावी. नवं हूड शिवताना आतल्या बाजूच्या पट्टीवर, जिथे ती दिसत नाही पण उतरवणाऱ्याला सापडते, तिथे साल, गाव आणि कारागिराचं नाव शिवावं किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहावं. मागच्या लाकडी पट्टीचा, भोकांसकट, एक फोटो काढून गाडीच्या कागदांत ठेवावा. व्हिंटेज नोंदणीच्या अर्जाबरोबर बदलांची यादी जोडण्याची सवय लागावी, अगदी नियमाने मागितली नसली तरी, आणि तिच्यात चेसिस-इंजिनाखाली हूडलाही एक ओळ मिळावी. स्पर्धांच्या परीक्षकांनी नव्या कापडाचे गुण कापण्याआधी ही यादी वाचावी, आणि जिथे यादीच नाही तिथे गाडी कितीही चकाकत असली तरी मालकाला दोन प्रश्न जास्त विचारावेत.